पाच तासांची वाट, चार दिवसांची खोटी

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याने निघालात, कळंबा आणि इस्पुर्ली मागे टाकलीत, की पुढे एका ठिकाणी हवेचा वासच बदलतो. थंडीच्या दिवसांत गेलात तर मैलाच्या दगडाकडे पाहण्याचीही गरज पडत नाही. आंबूसगोड, किंचित जळका असा वास गाडीच्या खिडकीतून आत शिरतो आणि शेजारचा उतारू पिशवी सावरत म्हणतो, "आली बिद्री!" मळीचा आणि उकळत्या रसाचा हा वास एकदा ज्याच्या नाकाने घेतला, त्याला तो पुण्यामुंबईच्या गर्दीतही मधूनच आठवतो.

बिद्री हे कागल तालुक्यातले गाव. एका अंगाला दूधगंगा, दुसऱ्या अंगाला जरा लांब वेदगंगा. दोघीही सह्याद्रीच्या लेकी. पुढे जाऊन एकमेकींना भेटतात आणि कृष्णेच्या पदरात शिरतात. दोघींचीही नावे घेऊन इथला सहकारी साखर कारखाना उभा आहे. त्याच्या आवाराला मौनीनगर म्हणतात, ते पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावावरून. शिवछत्रपती त्यांच्या दर्शनाला गेले होते, असे या भागात मोठ्या अभिमानाने सांगतात. इथून जवळच मुदाळ तिट्टा आणि आदमापूरचे बाळूमामांचे ठाणे. या मुलखातला ड्रायव्हर गाडी सुरू करण्याआधी काचेवरच्या बाळूमामांच्या तसबिरीला हात लावल्याशिवाय राहायचा नाही.

हंगामात गव्हाणीत पहिली मोळी पडली की हा सगळा मुलूख घड्याळावर चालू लागतो. उसाचे एक आहे, तो तोडला की त्याची घटका भरू लागते. ऊन लागले, तास गेले, की वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी पडतो. म्हणून तोडणीच्या चिठ्ठीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांचीच धावपळ. गाडीला उशीर झाला की शेतकरी ओरडतो, मुकादम ओरडतो, चिटबॉय मोटारसायकलीवरून धूळ उडवत धावतो. रात्री दोन वाजता रस्त्यावर उभे राहा, उसाच्या गाड्यांची रांग पुढे सरकतच असते. घाई कशाला म्हणतात हे पाहायचे असेल तर फेब्रुवारीत बिद्रीला जावे.

पण याच उसाची साखर झाली, ती पोत्यात शिरली, पोत्याला शिवण पडली आणि ते पोते सरकारच्या नावे लागले, की तेच घड्याळ बंद पडते. हे मी ऐकीव सांगत नाही. १९९८ सालच्या फेब्रुवारीत बिद्रीहून साखर भरून निघालेल्या एका ट्रकमधून मी घाट उतरून कोकणात गेलो होतो.

त्या काळची लेव्हीची साखर ही काय भानगड होती, ते आजच्या मुलांना सांगावे लागेल. त्यांच्या आईवडिलांना मात्र रेशनच्या दुकानावरची "साखर आली आहे" ही पाटी आठवत असेल. माणशी महिन्याला ४२५ ग्रॅम असा हिशेब असे आणि दिवाळीच्या तोंडावर जादा कोटा सुटला की वर्तमानपत्रात बातमी येई. आया त्या बातमीवर शंकरपाळ्यांचा बेत ठरवीत. ही साखर सरकार कारखान्यांकडून बाजारापेक्षा कमी, ठरवून दिलेल्या दराने घेई. १९९८ साली कारखान्याच्या साखरेपैकी शंभरातली चाळीस पोती अशी लेव्हीत जात. उरलेली साठ खुल्या विक्रीची. कुठल्या महिन्यात किती साखर बाहेर काढायची, त्याचे हुकूम दिल्लीहून सुटत. कोकणात साखर कारखानदारी काही रुजली नाही, तेव्हा तिकडच्या कार्डांची साखर घाटावरूनच उतरायची.

माझ्या थोरल्या बहिणीचे घर बिद्रीला लागून असलेल्या बोरवड्याला. चार दिवस तिच्याकडे राहून मला कोकणात आत्याकडे जायचे होते. मेहुणे म्हणाले, "एसटीनं कशाला जाताय? आमच्या गल्लीतल्या मामांची गाडी साखर घेऊन तिकडंच निघालीया. केबिनमधनं घाट बघा, जन्मभर सांगत बसाल." मेहुण्यांचे भाकीत खरे ठरले, फक्त मी सांगत बसलो ते घाटाविषयी नव्हे.

मामा पन्नाशीचे, अंगाने आडवे, आवाजाने मऊ. गाडी स्वतःची, सहा चाकी टाटा, पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली. तेव्हा साखरेचे पोते क्विंटलचे असे. शंभर पोती म्हणजे दहा टन. मी आपला कागदावर हिशेब मांडला, तर साडेतेवीस हजार माणसांची महिन्याची साखर आमच्या पाठीमागे ताडपत्रीखाली बसली होती. मामांना ते सांगितले, तर ते म्हणाले, "मग हळू चालवायला पायजे. एवढ्या मान्सांचा चहा हाय."

शुक्रवार होता. भरून, वजन करून, रस्से आवळून निघायला बारा वाजले. मामांचा बेत साधा होता: संध्याकाळच्या आत पोहोचायचे, शनिवारी सकाळी गाडी खाली करायची, रात्रीपर्यंत घरी. कारण रविवारी त्यांच्या मुलीला बघायला निपाणीकडचे पाहुणे येणार होते. ही गोष्ट त्यांनी मला मुदाळ तिट्ट्यावर सांगितली, राधानगरीत सांगितली आणि दाजीपूरच्या अलीकडे पुन्हा एकदा सांगितली. मुलगा पाटबंधारे खात्यात होता. "सरकारी नोकरी हाय," मामा म्हणाले, आणि गियर बदलला.

तो रस्ता मात्र मेहुण्यांनी सांगितला त्याहून सुंदर निघाला. राधानगरीला शाहू महाराजांनी आरंभलेले धरण. काम मधे थांबले, पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात, माणसाने हात लावावा लागत नाही. पुढे दाजीपूरचे जंगल लागते. १९५८ साली गव्यांसाठी इथे अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले ते पहिले. गवा काही आम्हाला दिसला नाही, पण तिथेच मागचे चाक पंक्चर झाले. दहा टनांची गाडी जॅकवर घेणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले. क्लीनरपोराने पुढच्या चाकांना दगड लावले, मामा धुळीत पालथे झाले आणि तासाभराने आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. फोंडा घाटाच्या माथ्यावरून खाली कोकण दिसले तेव्हा ऊन कलले होते. डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले आणि शेवटी जिथे डोंगर संपतो तिथे नुसता उजेड. वळणावळणाला ब्रेकचा जळका वास येत होता. मामा घाट उतरताना एक शब्द बोलले नाहीत.

गोदामाच्या फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. त्या गावाचे नाव मी सांगत नाही. सांगून काही उपयोगही नाही, कारण अशी गावे पुष्कळ होती. पत्र्याचे लांब गोदाम, समोर लाल मातीचे आवार, आंब्याचे एक झाड आणि फाटकाला कुलूप. आतून पहारेकरी आला.

"उद्या या."

"उद्या उघडंल का साहेब?"

पहारेकऱ्याने बोटे मोजली. "उद्या दुसरा शनिवार. परवा रविवार. सोमवारी या."

मामांनी बाळूमामांच्या तसबिरीकडे पाहिले आणि इंजिन बंद केले. नंतरच्या शांततेत आंब्यावरचे कावळे तेवढे ऐकू येत होते. मी म्हटले, "मामा, गाडी इथं ठेवून एसटीनं जाऊन या ना घरी!" ते हसले. "पावणं, पोती माझ्या सहीवर हैत. एक पोतं कमी भरलं तर पोरीच्या लग्नाचं नगं, बापाच्या जामिनाचं बघावं लागंल."

आत्याचे घर तिथून दहा मिनिटांवर. तिला सारी हकिगत सांगितली, तर तिने मला काही न बोलता आणखी दोन माणसांचा भात टाकला. शनिवारपासून मी रोज दोन वेळा डबा घेऊन फाटकाशी जाऊ लागलो. पहिल्या दिवशी सोलकढी पाहून क्लीनरपोराने विचारले, "हे औषध हाय का?" दुसऱ्या दिवशी आत्याने तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी दिली तेव्हा मामांचा चेहरा खुलला. ते केबिनमध्ये झोपत, सार्वजनिक नळावर अंघोळ करीत आणि दिवसातून दहा वेळा ताडपत्रीच्या गाठी तपासत. त्यांच्या मागे आणखी दोन ट्रक येऊन लागले. एक गव्हाचा होता. रांगेतल्या ड्रायव्हरांची ओळख व्हायला वेळ लागत नाही. त्या दोन दिवसांत मी जेवढ्या फाटकांची वर्णने ऐकली, तेवढी देवळांचीही ऐकली नव्हती. कुठे टोकन मिळते पण नंबर लागत नाही, कुठे नंबर लागतो पण हमाल नसतात, कुठे हमाल असतात पण काटा बिघडलेला. आणि शेवटी माल उतरवायची वाराई ज्याचा माल आहे तो देतच नाही, ड्रायव्हरच्याच खिशातून जाते.

या लोकांच्या बोलीत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: खोटी. "मनमाडला तीन दिवस खोटी झाली", "पोराला सांग, खोटी हाय". आपल्या घरातही म्हातारी माणसे "माझी खोटी करू नकोस" म्हणत असत. पण जिथे गाडीचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला भरायचा असतो, तिथे त्या शब्दाला पैशाचे वजन येते. हंगामाचे दिवस. मामांच्या दोन फेऱ्या त्या फाटकाशी उभ्या होत्या.

रविवारी दुपारी ते मला एसटीडी बूथवर घेऊन गेले. गल्लीतल्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदाराने पोराला पळवले. इकडे मीटरवरचे आकडे लाल अक्षरांत पुढे सरकत होते. मामा आकड्यांकडे पाहात उभे. मग पलीकडून कोणीतरी बोलू लागले. मामा नुसते "हं... हं... बरं..." म्हणत होते. फोन ठेवून बाहेर आले.

"पसंत पडली," ते म्हणाले. "देण्याघेण्याचं पण झालं. थोरल्या भावानं बोलून घेतलं. माझ्या जागंवर त्योच बसला हुता."

"चांगलं झालं की, मामा!"

"चांगलं झालं," ते म्हणाले. थोडा वेळ रस्त्याकडे पाहात राहिले. "पावण्यांनी इचारलं म्हणं, पोरीचा बाप कुटं हाय? तर भाऊ म्हणाला, सरकारी कामावर गेलाय."

समोर एका हातगाडीवर मालवणी खाजे होते. मामांनी पावशेर घेतले, आम्हाला दिले, मागच्या दोन ट्रकवाल्यांना दिले, पहारेकऱ्यालाही दिले. दहा टन साखर पाठीशी होती आणि लेकीच्या लग्नाची बातमी ऐकून तोंड गोड करायला पदरचे पैसे मोडून खाजे घ्यावे लागले होते. ताडपत्रीला मात्र कोणी हात लावला नाही.

सोमवारी फाटक उघडले, गोदाम नाही. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि गोदामपाल प्रशिक्षणाला गेले होते. किल्ली त्यांच्यापाशी. मंगळवारी सकाळी ते आले. मी मनात एक जाडजूड, पान खाणारा, उर्मट मनुष्य उभा केला होता. प्रत्यक्षात आले ते एक सडपातळ, थकलेले गृहस्थ, सायकलवरून, हातात निवडणुकीच्या कागदांची पिशवी. एकटा माणूस, गोदाम गळके, हमाल चार. आणि धान्यात किलोभर तूट आली तरी वसुली त्यांच्या पगारातून. त्यांनी प्रत्येक पोते काट्यावर घेतले, ते उगाच नव्हे. मामांचे एक पोते हमालाच्या आकड्याने फाटले होते. तीन किलोची घट निघाली, ती भाड्यातून कापली गेली. वाराईही मामांनीच दिली. दुपारी तीन वाजता गाडी रिकामी झाली आणि पोचपावतीवर शिक्का बसला.

त्या पावतीकडे मी पाहिले. "गाडी आल्याची तारीख" या रकान्यात मंगळवार, १७ फेब्रुवारी लिहिले होते. गाडी सुटल्याची तारीखही तीच. मी गोदामपालांना म्हटले, "गाडी शुक्रवारी आली आहे." ते शांतपणे म्हणाले, "रजिस्टर उघडल्यावरच आवक लिहिता येते. त्याआधीची कुठे लिहू? रकानाच नाही."

मामांनी पावती घडी करून टोपीत ठेवली. "ऐकलंत का, पावणं? कागदावर आपण चार दिस न्हवतोच."

या वाक्याचा मी अनेकदा विचार केला आहे. त्या गोदामपालांचा दोष नव्हता, पहारेकऱ्याचा नव्हता, निवडणुकीचा तर नव्हताच. दोष त्या नसलेल्या रकान्याचा होता. रेल्वे घ्या. व्यापाऱ्याने वाघीण वेळेत रिकामी केली नाही तर रेल्वे त्याच्याकडून तासांच्या हिशेबाने डॅमरेज वसूल करते. म्हणजे उभ्या राहिलेल्या चाकाला किंमत असते, हे सरकारला माहीत नाही असे नाही. फक्त ते चाक सरकारचे असावे लागते.

आज त्यातले बरेच काही बदलले आहे. २००२ साली लेव्हीचा वाटा शंभरात दहावर आला आणि २०१३ साली लेव्हीच उठली. रेशनवरची साखर आता केंद्राच्या योजनेत अंत्योदयाच्या कुटुंबांपुरती, महिन्याला एक किलो, उरली आहे. शहरांच्या वेशीवरचे जकात नाके २०१७ पर्यंत गेले. तिथे रात्र रात्र उभे राहणाऱ्या ट्रकांच्या रांगाही गेल्या. टोलचे पैसे गाडी चालता चालता कापले जातात. पोते पन्नास किलोचे झाले, हमालाची पाठ थोडी सुटली. एसटीडी बूथ गेले आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात फोन आला. मुलीला बघायला पाहुणे आले तर निदान तो त्यांना फोनच्या काचेवर दिसू शकतो.

पण फाटके आहेतच. धान्याची, खताची, सिमेंटची, शाळेच्या पुस्तकांची. फाटकाबाहेर थांबलेले ट्रकही आहेत. "ज्याचा माल त्याचा हमाल" अशी मागणी आपल्याकडचे ट्रकमालक कित्येक वर्षे करीत आले आहेत. आणि मजा पाहा: २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल लागते. त्यात ड्रायव्हरच्या वाटचालीची मुदत ठरवलेली असते. २०२१ पासून साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस. मुदत टळली तर ड्रायव्हरला जाब. रस्त्यावरचा त्याचा तास न् तास आता मोजला जातो. पोहोचल्यावर फाटकाशी गेलेल्या दिवसांचा हिशेब मात्र अशाच नेमाने कोणी ठेवावा, असा आग्रह अजून दिसत नाही.

मला यावर फार मोठा उपाय सुचवायचा नाही. बिद्रीच्या रस्त्यावर उसाची गाडी किती वाजता आली हे चिठ्ठीवर लिहिले जाते, कारण ऊस वाळतो हे सगळ्यांना मान्य आहे. माणूसही वाळतो, एवढे मान्य केले तर पुरे. पहारेकऱ्याने फाटकाशीच गाडी आल्याची तारीख आणि वेळ लिहावी, सही करावी, आणि तो कागद पावतीला टाचावा. खोटीचे पैसे द्यायचे की नाहीत, ते मग ठरवता येईल. निदान चार दिवस गेले, हे तरी कागदावर येईल.

मामांच्या मुलीचे लग्न त्याच वर्षी वैशाखात झाले. बहिणीने पत्रिका पाठवली होती, मी गेलो होतो. जेवणावळीत मामा स्वतः पंगतीतून फिरत होते, हातात जिलेबीचे ताट. माझ्या पानात तीन जिलेब्या टाकून ते वाकले आणि म्हणाले, "खावा पावणं, खुल्या साखरेची हाय. कुटं थांबली न्हाई."